तांब्याचा हिशेब

व्यापारी घरात मुलाची पारख लवकर होते. दहाव्या-बाराव्या वर्षी तो गल्ल्यावर कसा बसतो, गिऱ्हाइकाशी कसा बोलतो, सुटे पैसे परत देताना गडबडतो का, हे घरातील वडीलधारी मंडळी न बोलता टिपत असतात. मुलगा शांत असेल तर घराण्याचे संस्कार म्हणून समाधान मानले जाते. तापट निघाला तर हा कोणावर गेला, असा प्रश्न उमटतो. स्वभाव म्हणजे संस्कार किंवा पूर्वकर्म, असे धरून चालण्याची आपल्याकडे सवय आहे. स्वभाव बिघडण्यामागे शरीराचेही कारण असू शकते, हा विचार सर्वांत शेवटी येतो. काही घरांत तो फार उशिरा येतो.

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर, शहापूर तालुक्यात खर्डी हे स्थानक आहे. मुंबई-नाशिक महामार्ग गावाजवळून जातो. आजूबाजूच्या आदिवासी पाड्यांवरील माणसे किराणा, कापड, भांडी यांसाठी बाजारात येतात. अशा गावातील एका जैन कुटुंबाचे भांड्यांचे दुकान डोळ्यांपुढे आणावे. हे कुटुंब प्रातिनिधिक आहे, म्हणून त्याला नाव दिलेले नाही. त्याच्यावर ओढवलेला आजार मात्र खरा आहे आणि अनेक घरांत तो थोड्याफार फरकाने याच क्रमाने उलगडतो.

दुकानदाराचा थोरला मुलगा नववीपर्यंत वर्गात पहिल्या पाचांत असे. अक्षर मोत्यासारखे. त्यामुळे उधारीची वही त्याच्याकडेच होती. दहावीच्या वर्षी ते अक्षर बिघडू लागले. आधी ओळी तिरक्या झाल्या, मग अक्षरे बारीक आणि एकमेकांवर चढलेली दिसू लागली. चहाचा कप ओठांपर्यंत नेताना हात थरथरे. परीक्षेत गुण घसरले. घरच्यांनी मोबाईलला दोष दिला.

हाताच्या थरथरण्यापेक्षा घराला जास्त छळले ते त्याच्या वागण्याने. जो मुलगा कधी उलट बोलला नव्हता, तो आजीवर ओरडू लागला. पाड्यावरील एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने पातेल्याचा भाव दुसऱ्यांदा विचारला, तेव्हा त्याने ते पातेले रस्त्यावर भिरकावले. आजोबा वारले त्या दिवशी सांत्वनाला आलेल्या माणसांसमोर तो हसत सुटला. ते हसू त्याला आवरता येईना आणि नंतर त्याच खोलीत तो तासभर रडत बसला. नातेवाइकांनी हसणे तेवढे पाहिले. त्या रात्री वडिलांनी त्याला आयुष्यात पहिल्यांदा थोबाडीत मारली.

पुढची दोन वर्षे अशीच गेली. कोणी नजर लागली म्हटले, कोणी वाईट संगत. एका महाराजसाहेबांकडे नेले, तेव्हा त्यांनी शांतपणे एवढेच विचारले, "डॉक्टरांना दाखवले का?" दाखवले होते, पण मनाच्या डॉक्टरांना. त्यांनी दिलेल्या गोळ्यांनी मुलाचे अंग अधिकच आखडले, बोलणे जड झाले, तोंडातून लाळ गळू लागली. मग घरच्यांनी गोळ्या बंद केल्या आणि मुलाला दुकानात आणणेही बंद केले. कोणी विचारले तर तो कॉलेजच्या अभ्यासात आहे, असे सांगितले जाई.

अखेर मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात एका तरुण डॉक्टरांनी त्याची सगळी हकीकत ऐकून घेतली. त्यांनी त्याच्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या आणि त्याला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. स्लिट लॅम्प नावाच्या यंत्रातून पाहिल्यावर बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडे दिसले. डोळ्यांत तांबे साठले होते. रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन कमी निघाले, चोवीस तासांच्या लघवीतील तांबे वाढलेले निघाले आणि यकृतावर सूज आढळली. आजाराचे नाव विल्सन्स डिसीज. भांडी विकणाऱ्या त्या गृहस्थांनी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारले, "तांबे? आपले नेहमीचे तांबे?"

होय, तेच तांबे. जेवणातून, पाण्यातून, डाळीतून, सुक्या मेव्यातून रोज अगदी थोडे तांबे शरीरात येते. शरीराला त्याची गरजही असते. गरजेपुरते ठेवून उरलेले पित्तावाटे बाहेर टाकणे हे यकृताचे काम. विल्सन्स डिसीजमध्ये हे काम करणारी जनुकीय सूचनाच सदोष असते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर खात्यात रोज थोडी रक्कम जमा होते, पण काढण्याची सोयच नाही. पहिली काही वर्षे शिल्लक कोणाच्या लक्षात येत नाही. मग यकृत भरते, तांबे रक्तात उतरते आणि मेंदूच्या ज्या भागांतून हालचालींवर आणि भावनांवर ताबा राहतो, त्यांच्यापर्यंत पोहोचते. म्हणून कोणाला आधी कावीळ होते, कोणाचा हात थरथरतो, तर कोणाचा आधी स्वभावच बदलतो. चिडचिड, उतावळेपणा, उदासी, कारण नसताना हसणे-रडणे, अभ्यासात अचानक मागे पडणे ही लक्षणे कधी कधी हातपाय बिघडण्याच्या कितीतरी आधी दिसतात.

१९१२ साली लंडनमध्ये किनिअर विल्सन यांनी या आजाराचे सविस्तर वर्णन केले. एकाच घरातील भावंडांना तो होतो, हे त्यांनी नोंदवले आणि रुग्णांच्या भावनांत होणारा बदलही नोंदवला. मुंबईत डॉ. दारब दस्तूर आणि डॉ. नोशिर वाडिया यांनी १९६०च्या दशकात भारतीय कुटुंबांतील रुग्णांचा अभ्यास करून तो जगापुढे मांडला. त्यामुळे हा परदेशातला आजार आहे, असे म्हणण्यात अर्थ नाही. उपायाची वाट १९५६ साली मोकळी झाली. इंग्लंडचे डॉ. जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन हे औषध शरीरातील तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढते, हे दाखवून दिले. त्याआधी हा आजार बहुतेक वेळा जीवघेणा ठरत असे. पुढे ट्रायेंटीन आले आणि जस्ताचाही उपयोग कळला. जस्त आतड्यातून तांबे शोषले जाण्यालाच अटकाव करते. जन्मजात चयापचयाच्या आजारांपैकी औषधाने आवरता येणारे आजार थोडेच आहेत. हा त्यांतील एक आहे, पण तो वेळेवर ओळखला गेला पाहिजे.

हे सारे ऐकून दुकानदारांच्या मनात आले, की आपल्या धंद्यानेच मुलाचा घात केला. घरात उकळलेले पाणी वर्षानुवर्षे तांब्याच्या हंड्यात भरले जाई. डॉक्टरांनी त्यांना समजावले, की हंड्याने आजार दिलेला नाही. आजार जन्मापासूनचा आहे. मात्र या मुलाने यापुढे तांब्याच्या भांड्यातले पाणी प्यायचे नाही.

तांब्यापितळेच्या भांड्यांची एक वेगळी कथा महाराष्ट्राला ठाऊक असायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्याबरोबर काम करणारे ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांनी लहान बाळांच्या यकृताच्या एका जीवघेण्या आजाराचा शोध घेतला. वरचे दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात उकळून व साठवून तान्ह्या बाळांना दिले जाई. त्या दुधात उतरणारे तांबे हे या आजाराचे कारण असावे, असे त्यांनी १९८३ साली मांडले. घरोघरी स्टीलची भांडी आली आणि तो आजार दुर्मीळ झाला. तो आजार विल्सन्सहून निराळा. पण जुनी माणसे भांड्यांना कल्हई केल्याशिवाय त्यांत स्वयंपाक करत नसत, त्यामागचे शहाणपण या संशोधनातून नव्याने कळते. दुकानदारांनी हे ऐकले आणि त्यांच्या मनावरचा भार थोडा हलका झाला. भांड्याचा दोष कुठे असतो आणि कुठे नसतो, हे त्यांना त्यांच्याच धंद्याच्या भाषेत कळले.

दुसरा भार मात्र उतरायला वेळ लागला. विल्सन्स डिसीज होण्यासाठी आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी दोन सदोष जनुके यावी लागतात. दोघेही स्वतः निरोगी असतात. त्यांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. नात्यात लग्न झालेल्या घरांत तो अधिक आढळतो, पण नात्याबाहेर लग्न करणाऱ्या घरांतही तो होतो. तरीही पहिल्याच आठवड्यात "आमच्याकडे असे कोणी नव्हते," हे वाक्य दोन्ही बाजूंनी बोलले गेले. सासरने माहेराकडे बोट दाखवले, माहेराने सासरकडे. सून स्वयंपाकघरात मान खाली घालून पोळ्या लाटत राहिली. विज्ञान सांगते, की वाटा दोघांचा निम्मा-निम्मा आहे आणि अपराध कोणाचाच नाही. ही गोष्ट मान्य व्हायला त्या घराला सहा महिने लागले.

कर्माचा विषयही निघाला. मुलाने पूर्वी काहीतरी केले असेल, असे एका दूरच्या काकांनी सहज बोलून टाकले. कर्मसिद्धांत दुसऱ्याकडे बोट दाखवण्यासाठी सांगितलेला नाही. तो स्वतःकडे पाहण्यासाठी आणि पुरुषार्थासाठी आहे. असातावेदनीय कर्माचा उदय असेल, तर त्या जिवाची वेदना कमी करण्यासाठी धडपडणे हेच भोवतालच्या माणसांच्या हाती असते. आजारी मुलाला त्याच्या वेदनेचा जाब विचारणे ही वाणीची हिंसा आहे. आणि एकाच गोष्टीकडे अनेक बाजूंनी पाहायला शिकवणारा अनेकांत आपल्या घरात असताना, मुलाचा क्रोध फक्त कषायाच्याच बाजूने पाहिला गेला, ही त्या घराची खरी चूक होती. त्याच्या क्रोधाला यकृताची, मेंदूची, तांब्याचीही एक बाजू होती.

सर्वांत अवघड दिवस त्यानंतर आला. डॉक्टरांनी विचारले, "आणखी मुले किती?" धाकटी मुलगी चौदा वर्षांची होती. हसरी, अभ्यासात हुशार, प्रकृतीने ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, तिची तपासणी आजच करून घ्या. वडिलांनी मान डोलावली, पण घरी परतताना लोकलमध्ये ते बायकोला म्हणाले, "तिला काही होत नाही. उगाच कशाला कागदावर आणायचे? उद्या स्थळे बघताना कोणी विचारले तर?" आजीचेही तेच म्हणणे होते. मुलाचे झाले ते झाले, मुलीचे नाव कशाला काढता?

मुलीची आई त्या घरात फारशी बोलत नसे. त्या रात्री ती बोलली. "दोन वर्षे आपण याला मारले, रागावले, लपवले. तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे. आता तपासले नाही, तर ते पाप माझ्या माथी मी घेणार नाही." दुसऱ्या सोमवारी ती मुलीला घेऊन पहाटेच्या लोकलने एकटीच निघाली. आसनगाव येईपर्यंत वडिलांचा फोन आला. ते मागच्या गाडीने येत होते.

मुलीलाही तोच आजार निघाला. यकृतात तांबे साठू लागले होते. मेंदूपर्यंत ते पोहोचले नव्हते. लक्षणे दिसण्याआधी उपचार सुरू झाले आणि औषध नियमित राहिले, तर अशा व्यक्तीला निरोगी माणसासारखे आयुष्य जगता येते, शिकता येते, लग्न करता येते, आई होता येते. तिच्या मुलांना आजार होण्याची शक्यताही फार कमी असते, कारण त्यासाठी जोडीदारातही तेच सदोष जनुक असावे लागते. घरातील माणसे त्या दिवशी रडली, पण डॉक्टर म्हणाले, "ही बातमी दुःखाची नाही. थोरल्याची बातमी याच वयात कळली असती, तर तो आज कॉलेजात असता." ते वाक्य वडिलांच्या मनातून पुढे कधी गेले नाही.

औषधांचा नेम कडक असतो. पेनिसिलामाइन रिकाम्या पोटी घ्यावे लागते, जेवणाच्या आधी किंवा नंतर ठरावीक अंतर राखून. सोबत ब-६ जीवनसत्त्व. मधूनमधून रक्ताची आणि लघवीची तपासणी करावी लागते. सुरुवातीला काही रुग्णांत त्रास कमी होण्याऐवजी वाढतो, म्हणून डॉक्टरांच्या नजरेखालीच मात्रा वाढवली जाते. पथ्यात काजू-बदाम, तीळ, चॉकलेट, मशरूम टाळायला सांगतात. प्राण्यांचे यकृत आणि शिंपले हेही त्या यादीत असतात, पण जैन घरात त्यांचा प्रश्नच येत नाही. प्रश्न येतो तो चौविहाराचा. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्या घरात दिवसाच्या औषधाच्या वेळा सूर्यास्ताच्या आत बसवाव्या लागल्या. डॉक्टरांना विचारून तसे वेळापत्रक आखले. पर्युषणात मुलीने अठ्ठाईचा हट्ट धरला, तेव्हा महाराजसाहेबांनीच तिला समजावले, की पच्चक्खाणात समाधीसाठी आगार ठेवलेले आहेत आणि देहाची काळजी घेणे ही आराधनेची पूर्वतयारी आहे. तिने एकासणे केली, तीही डॉक्टरांना विचारून. बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडणे ही या आजारातील सर्वांत घातक चूक. काही वर्षे ठणठणीत राहिलेला रुग्ण औषध सोडल्यावर काही महिन्यांत गंभीर होऊ शकतो. हे औषध जन्मभराचे.

वर्षभराने मुलाचा हात बराच स्थिरावला. बोलणे अजून थोडे जड आहे. आवरता न येणारे हसणे गेले, रागाचे झटके कमी झाले. पण सगळाच राग गेला नाही, आणि घरच्यांपुढे नवा पेच उभा राहिला. आधी त्याचे प्रत्येक बोलणे उद्धटपणा ठरत असे. आता त्याचे प्रत्येक बोलणे आजार ठरू लागले. दुकानातल्या मालाच्या भावावरून त्याने वडिलांशी वाद घातला, की आई हळूच विचारी, "गोळी घेतलीस ना?" एके दिवशी तो शांतपणे म्हणाला, "मम्मी, गोळी घेतली आहे. पप्पांचा भावच चुकला आहे." वही काढून पाहिली, तर खरोखरच भाव चुकला होता. आजाराने माणूस बदलतो, पण माणूस म्हणजे त्याचा आजार नव्हे. त्याला रागावण्याचा, मत मांडण्याचा, बरोबर असण्याचाही हक्क परत द्यावा लागतो. औषध देण्यापेक्षा हे काम घरातल्यांना अधिक अवघड जाते.

त्या वर्षीच्या संवत्सरीला प्रतिक्रमण आटोपून सर्वांनी एकमेकांना हात जोडले. दरवर्षी वडील मुलांच्या नमस्काराची वाट पाहत. त्या संध्याकाळी ते स्वतः मुलापुढे गेले. "मिच्छामि दुक्कडम्" एवढे म्हणून ते थांबले नाहीत. आजोबा गेले त्या रात्रीची थोबाडीत त्यांनी नाव घेऊन सांगितली. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तेव्हा मला हसायचे नव्हते, पप्पा. आजोबांसाठी मीच जास्त रडलो होतो." दोन वर्षे ही गोष्ट त्याला कोणी विचारली नव्हती.

आपल्या मंडळांतर्फे आरोग्य शिबिरे भरतात, मधुमेह आणि रक्तदाब तपासले जातात. त्याच शिबिरांत एवढे जरी सांगितले गेले, तरी पुष्कळ होईल: शहाण्या मुलाचा स्वभाव, अक्षर किंवा अभ्यास कारणाशिवाय बिघडू लागला, तर रागावण्याआधी त्याला वैद्यकीय तपासणीला न्यावे. यकृताचा त्रास आणि वागण्यातला बदल एकाच मुलात दिसले, तर डोळ्यांची आणि तांब्याची तपासणी करण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. एका भावंडात आजार निघाला, तर बाकीची भावंडे कितीही धडधाकट दिसोत, त्यांचीही तपासणी करावी. आणि स्थळाच्या भीतीने मुलीची तपासणी टाळू नये. उद्याचे लग्न राखण्यासाठी आजचे यकृत गमावणे हा तोट्याचा व्यवहार आहे, हे व्यापारी माणसाला वेगळे सांगण्याची गरज नसावी.

त्या दुकानात आता उधारीची वही पुन्हा थोरल्या मुलाकडे आहे. अक्षर पूर्वीसारखे मोत्याचे राहिलेले नाही. पण वाचता येते, आणि बेरीज चुकत नाही. घरात पिण्याचे पाणी स्टीलच्या पिंपात भरले जाते. सकाळी दुकान उघडण्याच्या तासभर आधी बहीण-भाऊ दोघे स्वयंपाकघरात येऊन आपापली गोळी घेतात, आणि आई दोघांच्याही नावापुढे कॅलेंडरवर खूण करते.